भाडेकराराची दोन वर्षं : सिएटलची सोनिक्स कशी गेली

१३ एप्रिल २००८, रविवार. सिएटलच्या 'की अरीना' या स्टेडियममध्ये अगदी वरच्या रांगेत मी माझ्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन बसलो होतो. समोर डल्लास. सोनिक्स, म्हणजे सिएटलची बास्केटबॉलची टीम, तिचा सीझन कधीच संपल्यात जमा होता, आणि नवे मालक तिला ओक्लाहोमाला न्यायला निघाले होते. त्या वर्षी त्यांनी ८२ पैकी फक्त २० सामने जिंकले. तरी स्टेडियम भरलं होतं आणि सामना चालू असतानाच मधूनमधून एकच घोष उठत होता, 'सेव्ह अवर सोनिक्स'. खाली पुढच्या रांगेत सोनिक्सचा जुना खेळाडू गॅरी पेटन बसला होता. सोनिक्सकडून खेळणारा केव्हिन ड्युरंट तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा, काडीसारखा पोरगा. सोनिक्सने ९९-९५ असा तो सामना जिंकला. शेवटच्या क्षणांत ड्युरंट दोन्ही हात वर करून लोकांना आवाज वाढवायला सांगत होता, आणि माझा मुलगा इतका ओरडला की दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला बोलता येईना.

बाहेर पडताना त्याने विचारलं, "बाबा, आता पुढच्या वर्षी कुठे बघायला जायचं?"

मी त्याला म्हटलं, स्टेडियमचा भाडेकरार अजून दोन वर्षं आहे, कोर्टात काय होतं ते बघू. मला ते मनापासून खरं वाटत होतं. अडीच महिन्यांनी, २ जुलैला, शहराने ती दोन वर्षं विकून टाकली. मी गेली कित्येक वर्षं हे प्रकरण उलटसुलट वाचतोय. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच खलनायक असतो, ओक्लाहोमाचा तो मालक. माझं मत वेगळं आहे. टीम गमावण्यात चार-पाच जणांचा हात होता, पण टीम हातात धरून ठेवायची शेवटची दोरी शहराच्याच मुठीत होती आणि शहराने मूठ उघडली. हे मी रागाने म्हणत नाही. याच गावाने त्याच्या बारा वर्षं आधी आपली फुटबॉलची टीम अगदी अशाच प्रसंगातून वाचवली होती, म्हणून म्हणतो.

नाव आणि माणसं

मी १९९८ साली सांगलीहून सिएटलजवळच्या रेडमंडला आलो, सॉफ्टवेअरच्या नोकरीवर, आणि दोन वर्षांत तिथल्याच रेंटन गावात घर घेतलं. शेजारी बोइंगमधून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. सोनिक्स हे नाव विमानावरून पडलंय हे मला त्यांनी सांगितलं. १९६७ साली टीम सुरू झाली तेव्हा बोइंग आवाजाच्या वेगापेक्षा जलद उडणारं प्रवासी विमान बांधायच्या तयारीत होती, म्हणून टीम 'सुपरसोनिक्स'. १९७१ साली अमेरिकन संसदेने त्या विमानाचे पैसे बंद केले आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या वर्षी विमानतळाजवळ एक फलक लागला होता, सिएटल सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, अशा अर्थाचा. आजोबांनी तो फलक पाहिला होता. विमान उडलंच नाही, पण त्याचं नाव लावून टीम ४१ वर्षं खेळली. त्या माणसाला 'सोनिक्सचा आर्थिक उपयोग काय' असं कुणी विचारलं की तो का गप्प बसायचा, हे मला तेव्हा कळलं.

१ जून १९७९ ला प्रशिक्षक लेनी विल्किन्सच्या हाताखाली सोनिक्स वॉशिंग्टन बुलेट्सना ४-१ असं हरवून विजेते झाले. सिएटलचं बास्केटबॉलमधलं पुरुष संघाचं ते एकमेव विजेतेपद. जॅक सिक्मा, गस विल्यम्स, डेनिस जॉन्सन ही नावं इथले पन्नाशी-साठीचे लोक आजही घरातल्या माणसांसारखी घेतात. मी आलो तेव्हा पेटनचा काळ होता. १९९६ साली ६४ सामने जिंकून ही टीम अंतिम फेरीत गेली आणि मायकेल जॉर्डनच्या शिकागोकडून ४-२ अशी हरली. त्या वर्षीच्या शिकागोने ७२ सामने जिंकले होते, त्यांच्यापुढे दोन सामने खेचणं हेच मोठं होतं, असं मी अजूनही कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बास्केटबॉल का लागतो? माझं उत्तर सोपं आहे. आम्ही शाळेत खो-खो आणि कबड्डी खेळलो होतो. पेटन ज्या तऱ्हेने समोरच्याच्या अंगाला चिकटून, वाकून, तोंडाने सतत बडबडत त्याला अडवायचा, ते बघताना मला आमच्या मैदानावरचा कोपरारक्षक दिसायचा. भाषा वेगळी असली तरी तो खेळ मला परका वाटलाच नाही.

आधी फुटबॉलचं बघू

इथे फुटबॉल म्हणजे लांबोडका चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल. सिएटलची टीम सीहॉक्स, सुरुवात १९७६. ही टीम किंगडोम नावाच्या काँक्रीटच्या अवाढव्य घुमटात खेळायची.

फेब्रुवारी १९९६ मध्ये तेव्हाचे मालक केन बेहरिंग यांनी जाहीर केलं की टीम लॉस एंजेलिसच्या बाजूला हलवतोय. कारण दिलं भूकंपाचं, किंगडोम सुरक्षित नाही म्हणून. ट्रक भरले, सामान गेलं, खेळाडूंचा सराव कॅलिफोर्नियात अनाहाइमला सुरूही झाला. सोनिक्सच्या वेळी गोष्टी इतक्या पुढे गेल्या नव्हत्या, हे लक्षात ठेवा. पण किंगडोमचा भाडेकरार २००५ पर्यंत होता. किंग काउंटीने, म्हणजे सिएटल ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या सरकारने, तो करार घेऊन थेट कोर्ट गाठलं आणि सोडायला नकार दिला. फुटबॉलच्या लीगनेही मालकाला दंडाची तंबी दिली. काही आठवड्यांत सामान परत आलं.

त्या अडून बसण्यातून वेळ मिळाला, आणि त्या वेळात खरेदीदार सापडला. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन. एप्रिल १९९६ मध्ये त्यांनी टीम विकत घ्यायचा हक्क घेतला, पण नवं स्टेडियम मंजूर झालं तरच घेईन अशी अट घातली. मग १७ जून १९९७ ला राज्यभर मतदान झालं. त्या मतदानाचा खर्चही ॲलननीच दिला. सार्वजनिक तिजोरीतून जास्तीत जास्त ३० कोटी डॉलर, बाकीचे मालकाचे. ठराव ५१ टक्क्यांनी, म्हणजे अगदी काठावर पास झाला.

मालक पैसे देऊन निवडणूक घडवून आणतो हे तेव्हा अनेकांना खटकलं होतं, आणि खटकावंच. पण निदान लोकांना विचारलं गेलं आणि लोकांनी हो म्हटलं. २६ मार्च २०००, रविवारी सकाळी किंगडोम सुरुंग लावून पाडला. मी एका टेकडीवर हजारो लोकांबरोबर उभा होतो. सगळं १७ सेकंदांच्या आत आटोपलं. आधी स्फोटांची माळ, मग तो राखाडी घुमट फुगा फुटावा तसा आत बसला आणि धुळीचा लोट रस्त्यांमधून आमच्या दिशेने चढत आला. बायकोने ओढणी तोंडावर धरली. टेकडीवरचे काही लोक रडत होते. पडलेल्या त्या इमारतीच्या कर्जाचे हप्ते त्यानंतर कितीतरी वर्षं काउंटी फेडत होती, आणि सोनिक्सच्या प्रकरणात हे विसरून चालणार नाही.

२००२ साली त्याच जागी नवं स्टेडियम उघडलं. ८ जानेवारी २०११ ला तिथे मार्शॉन लिंचने न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ६७ यार्डांची धाव घेतली तेव्हा लोक असे उड्या मारत होते की जवळच्या भूकंपमापकावर नोंद झाली. भूकंपाचं निमित्त सांगून जी टीम पळवायला निघाले होते, तिच्या लोकांनी स्वतःच जमीन हलवली. २ फेब्रुवारी २०१४ ला ही टीम डेन्व्हरला ४३-८ असं हरवून सुपर बोल, म्हणजे फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकली. पुढच्याच वर्षी एका यार्डावरून हरली, त्याबद्दल मी लिहीत नाही, अजून त्रास होतो.

तिसऱ्यांदा हात पसरला तेव्हा

आता सोनिक्स. क्रम नीट बघितला पाहिजे, कारण सगळं त्यातच आहे. १९९५ साली बेसबॉलच्या स्टेडियमसाठी काउंटीत मतदान झालं. लोकांनी थोडक्या मतांनी नाही म्हटलं, तरी काही आठवड्यांत राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन बोलावून दुसऱ्या वाटेने पैसे उभे केले. ती जखम लोक विसरले नाहीत. १९९७ साली फुटबॉल. आणि त्याच सुमारास, १९९४-९५ मध्ये, शहराने सुमारे साडेसात कोटी डॉलर घालून १९६२ च्या जागतिक प्रदर्शनातलं जुनं कॉलिझियम आतून नव्याने बांधून सोनिक्सला दिलं. तेच की अरीना. भाडेकरार १५ वर्षांचा, सप्टेंबर २०१० पर्यंत.

बास्केटबॉलच्या लीगचे, म्हणजे एनबीएचे, आयुक्त डेव्हिड स्टर्न त्या उद्घाटनाला स्टेडियमची तारीफ करून गेले होते. दहा वर्षांत तेच म्हणू लागले की हे स्टेडियम चालण्यासारखं नाही. स्टेडियम तेच, छत तेच, मग बदललं काय? बदलला तो लीगचा धंदा. खेळाडूंचे पगार वाढले आणि मालकांना महागडे खासगी कक्ष, उपाहारगृहं, दुकानं यांतून पैसा हवा झाला. की अरीना लीगमधल्या लहान स्टेडियमांपैकी, आणि तिथल्या उत्पन्नात शहराचा वाटा. प्रेक्षक म्हणून मला ते लहान असणं फार आवडायचं. वरच्या रांगेतूनही पेटनच्या कपाळावरच्या आठ्या दिसायच्या.

२००१ साली स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ आणि त्यांच्या भागीदारांनी टीम २० कोटी डॉलरला घेतली. गावचा माणूस, गावची कंपनी, सगळे खूश. पण तोटा होऊ लागला आणि २००६ मध्ये त्यांनी स्टेडियम वाढवायला राज्याकडे २० कोटींहून जास्त मागितले. विधिमंडळाने दाद दिली नाही. नगर परिषदेचा एक सदस्य तर जाहीरपणे बोलून गेला की सोनिक्सचं सांस्कृतिक मोल जवळजवळ शून्य आहे. नंतर त्याने माफी मागितली, पण तो शब्द राहिला. माझ्या शेजारच्या आजोबांनी त्या दिवशी दारावर सोनिक्सचा हिरवा-पिवळा झेंडा लावला, तो २०१२ साली ते गेले तेव्हाही तिथेच होता.

जुलै २००६ मध्ये शुल्ट्झनी टीम ३५ कोटी डॉलरला क्ले बेनेट यांच्या गटाला विकली. बेनेट ओक्लाहोमा सिटीचे. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सची टीम दोन सीझन त्यांच्याच गावात खेळत होती आणि तिथे स्टेडियम भरत होतं. म्हणजे ज्यांच्या गावात स्टेडियम तयार, प्रेक्षक तयार, फक्त टीम नाही, अशा माणसांना टीम विकली, आणि वर एक वर्ष प्रामाणिकपणे इथे स्टेडियमसाठी प्रयत्न करण्याचं वचन घेतलं. मुलगी देताना आपण याहून जास्त चौकशी करतो. करारात टीम सिएटलबाहेर नेता येणार नाही अशी पक्की अट हवी होती. गावच्या माणसाकडून झालेली ही चूक मला बेनेटच्या सगळ्या कारस्थानापेक्षा मोठी वाटते. पुढे शुल्ट्झनी विक्री रद्द करण्यासाठी दावाही लावला आणि मागेही घेतला.

त्याच नोव्हेंबरात सिएटलमध्ये 'इनिशिएटिव्ह ९१' मतदानाला आलं. खेळाच्या टीमला शहराने पैसे द्यायचे तर सरकारी रोख्यांइतका तरी परतावा मिळाला पाहिजे, इतकंच त्यात होतं. ७४ टक्के लोकांनी हो म्हटलं. अनेक चाहते या मतदानाला शिव्या देतात. मी देत नाही. मी तेव्हा सिएटलचा मतदार नव्हतो, पण असतो तर हो म्हटलं असतं. बेसबॉलच्या वेळी नाही म्हणूनही पैसे गेले, पाडलेल्या किंगडोमचे हप्ते चालू, आणि त्यात हा तिसरा कटोरा. लोक सोनिक्सवर चिडले नव्हते, मागणीच्या पद्धतीवर चिडले होते. एखाद्या घराने दोन लग्नं कर्ज काढून केली की तिसऱ्याच्या वेळी आवाज चढतो, त्याचा अर्थ तिसरी लेक नावडती असा होत नाही.

रेंटनचा प्रस्ताव आणि ईमेल

बेनेटनी २००७ च्या सुरुवातीला प्रस्ताव आणला, ५० कोटी डॉलरचं नवं स्टेडियम, तेही आमच्या रेंटनमध्ये, माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. मी हरखून गेलो होतो. मुलाला गाडीत घालून ती मोकळी जागा दाखवूनही आणली. रकमेचा मोठा भाग करातून यायचा होता. विधिमंडळात तो मतदानापर्यंतही गेला नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये बेनेटचे भागीदार, नैसर्गिक वायूच्या धंद्यातले ऑब्री मॅकक्लेंडन, आपल्या गावच्या वर्तमानपत्राला सांगून मोकळे झाले की आम्ही टीम सिएटलला ठेवायला घेतलीच नव्हती, इकडे आणण्याची आशा होती. लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. २००८ च्या एप्रिलमध्ये कोर्टाच्या कामात भागीदारांचे आपसातले ईमेल बाहेर आले. वर्षभरापूर्वी एक भागीदार विचारतो की पुढच्याच सीझनला हलता येईल का, आणि बेनेट उत्तर देतात की मी झपाटलोय, जमेल ते सगळं करीन. बेनेटचं नंतर म्हणणं असं की मी सिएटलमध्ये जमवण्यासाठीच झपाटलो होतो. ज्याला पटेल त्याने मानावं.

दरम्यान २००७ च्या ड्राफ्टच्या, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्या, दिवशी सोनिक्सचा खेळाडू रे ॲलन याला बॉस्टनला देऊन टाकलं. हाती दुसऱ्या क्रमांकाची निवड होती, त्यातून ड्युरंट आला. म्हणजे टीम मुद्दाम रिकामी केली जात असताना त्यात एका पिढीत एकदा येतो असा खेळाडू येऊन पडला. आम्हाला तो एक वर्ष मिळाला.

मार्च २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर, कॉस्टकोचे जिम सिनेगल आणि आणखी दोघांनी पुढे येऊन सांगितलं की की अरीनाच्या ३० कोटींच्या नूतनीकरणातले १५ कोटी आम्ही देतो. निम्मे पैसे खासगी! पण अधिवेशन संपत आलेलं, राज्याने हालचाल केली नाही. ऑफिसात आम्ही त्या दिवशी जेवायला उठलोच नाही, तेवढीच चर्चा चालली होती. याच बामरनी सहा वर्षांनी लॉस एंजेलिसची क्लिपर्स २०० कोटी डॉलरला घेतली.

१८ एप्रिलला लीगच्या मालकांनी टीम हलवायला मंजुरी दिली, २८ विरुद्ध २. विरोधातलं एक मत डल्लासच्या मार्क क्युबनचं, दुसरं पोर्टलंडच्या मालकाचं, म्हणजे पॉल ॲलनचं. सीहॉक्स वाचवणारा माणूसच सोनिक्ससाठीही उभा राहिला, पण तोवर त्याच्या हातात एक मत एवढंच होतं.

२ जुलै

खटला जूनमध्ये फेडरल न्यायाधीश मार्शा पेकमन यांच्यापुढे सहा दिवस चालला. शहराचं म्हणणं सरळ होतं. करार २०१० पर्यंत आहे आणि करारातच लिहिलंय की तो पैशात न मोजता प्रत्यक्ष पाळून घेता येईल. मालक म्हणत होते, आम्ही उरलेलं भाडं देतो, आम्हाला सोडा. शहराची बाजूही अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. टीम इथे अडकवून मालकांचा तोटा वाढवायचा आणि त्यांना विकायला भाग पाडायचं, अशी शहराच्या बाजूच्या मंडळींची एक योजना कोर्टात उघडी पडली. ती वाचून मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. १९९६ साली किंग काउंटीने वेगळं काय केलं होतं?

निकाल २ जुलैला दुपारी यायचा होता. काही तास आधी तडजोड जाहीर झाली. शहराला ताबडतोब साडेचार कोटी डॉलर. आणखी तीन कोटी पाच वर्षांनी, पण कधी, तर राज्याने २००९ संपेपर्यंत की अरीनाच्या नूतनीकरणाला पैसे मंजूर केले आणि तरीही नवी टीम आली नाही तर. राज्याने ते केलं नाही, त्यामुळे ते तीन कोटीही आले नाहीत. नाव, रंग, चिन्ह सिएटलकडे राहिलं.

माझे वडील सांगलीत गावभागातल्या एका वाड्यात बावीस वर्षं भाड्याने राहिले. हातात करार असताना उठायचं नसतं, हे मी ताटावर बसून किती वेळा ऐकलंय. इथे उलटं होतं. शहर घरमालक, आणि भाडेकरूच पळायला बघत होता. पण करार हा करारच.

महापौर ग्रेग निकल्स यांचा युक्तिवाद मला माहीत आहे. खटला हरलो असतो तर हाती काहीच नाही, जिंकलो असतो तरी दोन वर्षं मेलेल्या मनाची टीम आणि रिकाम्या खुर्च्या, मग २०१० ला ती जाणारच. स्टेडियमचं कर्जही डोक्यावर होतं, आणि साडेचार कोटींनी ते फिटत होतं. हिशेब म्हणून हे चूक नाही. पण १३ एप्रिलच्या खुर्च्या मी पाहिल्या होत्या, त्या रिकाम्या नव्हत्या.

आणि मुख्य म्हणजे, त्या जुलैनंतर काय घडलं ते बघा. मॅकक्लेंडन यांच्या वायू कंपनीचा शेअर त्या महिन्याच्या सुरुवातीला ७० डॉलरच्या आसपास होता. सप्टेंबरात बाजार कोसळला, ऑक्टोबरात तोच शेअर २० च्या खाली आला, आणि कर्ज काढून शेअर घेतलेल्या मॅकक्लेंडनना आपली जवळजवळ सगळी मालकी बाजारात फुंकावी लागली. टीमचा एक प्रमुख भागीदार शंभर दिवसांत असा आडवा झाला. त्या वेळी जर टीम अजून सिएटलला असती, तोटा चालू असता, करारामुळे हलता येत नसतं, आणि दारात बामर पैसे घेऊन उभे असते, तर? जुलैत हे कुणाला दिसणं शक्य नव्हतं हे मी मान्य करतो. सिएटललाही त्या सप्टेंबरात मार लागला, इथली वॉशिंग्टन म्युच्युअल ही मोठी बँक बुडाली. तरी बामर आणि सिनेगल काही भिकेला लागले नव्हते. करार धरून ठेवण्याचा फायदा हाच असतो की पुढे काय होईल हे आज कळत नसलं तरी ते घडेपर्यंत तुम्ही खेळात असता. १९९६ ला काउंटीला तरी कुठे माहीत होतं पॉल ॲलन येणार म्हणून?

त्यानंतर

या सगळ्यात एक गोष्ट नीट झाली आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सोनिक्सबरोबर महिलांची टीम स्टॉर्मही बेनेटकडे गेली होती. २००८ च्या सुरुवातीला सिएटलच्या चार स्त्रियांनी मिळून ती एक कोटी डॉलरला परत घेतली. गाजावाजा नाही, विधिमंडळ नाही. स्यू बर्डच्या त्या टीमने २००४ चं विजेतेपद आधीच आणलं होतं, पुढे २०१०, २०१८ आणि २०२० ला आणखी तीन आणली. माझी मुलगी बास्केटबॉल शिकली ती स्टॉर्म बघून. गावात व्यावसायिक बास्केटबॉल उरलंच नाही असं कुणी म्हटलं की ती चिडते, आणि बरोबर चिडते.

पुरुषांच्या टीमसाठी मात्र बैल गेला आणि झोपा केला. २०१३ मध्ये सॅक्रामेंटोची टीम इकडे आणायचा घाट घातला गेला. आपल्यावर झाला तोच अन्याय दुसऱ्या गावावर करायला निघालो होतो आपण, आणि मालकांनी २२-८ ने ते हाणून पाडलं तेव्हा मला निराश व्हायच्या आधी हायसं वाटलं. २०१६ मध्ये नव्या स्टेडियमसाठी रस्त्याचा तुकडा द्यायचा प्रश्न नगर परिषदेत आला आणि ५-४ ने फेटाळला गेला. मग जुन्या कॉलिझियमचंच काम निघालं. छत वारसा म्हणून जपायचं होतं, म्हणून ते खांबांवर तोलून धरलं आणि खालची जमीन खोल खणून अख्खं नवं स्टेडियम आत बांधलं. खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर, जवळजवळ सगळा खासगी. ऑक्टोबर २०२१ ला ते उघडलं, आईस हॉकीच्या क्रॅकेन टीमसाठी. जी इमारत चालण्यासारखी नाही म्हणून टीम नेली, तिच्याच छताखाली.

ते पाडकाम सुरू होण्याआधी, ५ ऑक्टोबर २०१८ ला, जुन्या की अरीनात एक सरावाचा सामना झाला. ड्युरंट तेव्हा गोल्डन स्टेटकडे होता. तो मैदानात आला शॉन केम्पची ४० नंबरची जुनी सोनिक्सची जर्सी घालून. माझा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा, माझ्याहून उंच. दोघंही उभे होतो. त्याच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचा हिरवा शर्ट मावत नव्हता, तर त्याने तो मफलरसारखा गळ्यात गुंडाळून आणला होता.

ओक्लाहोमाच्या लोकांशी माझं भांडण नाही. त्यांनी टीमवर जीव टाकला. २२ जून २०२५ ला थंडर, म्हणजे ओक्लाहोमाला गेलेली आमची जुनी टीम, इंडियानाला सातव्या सामन्यात हरवून विजेते झाले, तेव्हा मुलाचा फोन आला.

"बाबा, बघतोयस?"

"बघितलं."

"कसं वाटलं?"

मी म्हटलं, चांगली खेळली पोरं. खरंच चांगली खेळली. मग आम्ही बराच वेळ सीहॉक्सच्या नव्या सीझनबद्दल बोललो.

नवी टीम येणार अशी चर्चा अधूनमधून पेटते आणि ऑफिसात कुणीतरी मला विचारतं, तिकिटांसाठी नाव नोंदवलंस का? नोंदवीन, मला पुन्हा त्या छताखाली बसायचंय. पण आधी भाडेकरार वाचीन. तो किती वर्षांचा आहे, मुदतीआधी पैसे टाकून मोडता येतो का, मोडायचा झाला तर कुणाला विचारावं लागेल, मालकाने टीम विकली तर तो नव्या मालकाला बांधील राहतो का. नगर परिषदेत त्यावर लोकांना बोलायची संधी असेल तेव्हा मी जाईन, आणि दोन मिनिटं मिळाली तर २ जुलै २००८ बद्दल बोलीन.